पद्माबाईची बाळंतखोली

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्याच्या मागून जी गल्ली जाते, तिच्या तोंडाशी भिवाजी इंगोल्यांनी घर बांधलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यातच काढलं. रेल्वेत गँगमन म्हणून उभी हयात लाइनीवर गेलेली, नोकरी संपून फंड हातात आलेला. शहाण्या माणसानं गावाकडं जमिनीचा तुकडा बघितला असता. यांनी घर बांधलं, तेही दोन खोल्यांचं, आणि त्यातली पुढची, उजेडाची, वाऱ्याची खोली म्हणे भाड्यानं द्यायची. भाड्यानं तरी कशी, तर महिन्याच्या बोलीनं नाही, पंधरा-वीस दिवसांच्या. खेड्यापाड्यातून बाळंतपणाला येणाऱ्या बायांना. म्हातारा-म्हातारी मागच्या अंधाऱ्या खोलीत राहणार आणि पुढं परक्याच्या सुना बाळंत होणार, असं म्हणून लोक हसले. हसणाऱ्याचे दात दिसतात, त्याला कोण काय करणार. ही खोली कशासाठी आहे ते पद्माबाईला पक्कं ठाऊक होतं.

त्यांना एकच लेक होती, पेमा. दिली होती औंढ्याकडच्या एका खेड्यात. एकाहत्तर साली तिला दिवस गेले, नववा लागला तेव्हा पायांवर सूज चढली. जावई बिचारा समजदार, आठ दिवस आधीच तिला घेऊन हिंगोलीला आला की दवाखान्याजवळ एखादी खोली बघू. भिवाजी आणि पद्माबाई तेव्हा दूर लाइनीवरच्या क्वार्टरात. तीन घरी खोली रिकामी होती. तिन्ही घरांनी आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात राहता कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि मग सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिली. पोरगी आल्या पावली परत गेली. कळा लागल्या तेव्हा बैलगाडी जुंपली, आणि कयाधू नदीच्या वाळूत चाकं रुतलेली असताना पेमा गेली, लेकरू पोटात घेऊन.

म्हणून ही खोली. पद्माबाईचं मागणं काही आभाळाएवढं नव्हतं. एका बाईनं, कोणत्याही जातीच्या, कोणत्याही गावच्या, या खोलीतून उठून वेळेवर दवाखान्यात जावं आणि लेकरू घेऊन आपल्या पायानं परत यावं. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की पेमाचं ऋण थोडं तरी फिटेल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

खोली सजवली तीही तशी, लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला माय सजवील तशी. भिंतींना चुना दिला, चुन्यात नीळ जरा जास्तच घातली, म्हणजे उन्हाळ्यात डोळ्याला गार वाटतं. भिवाजीच्या मनात खाली फरशी करायची होती. ती म्हणाली, पोटुशी बाई ओल्या फरशीवरून घसरली तर काय करता? मग जमीन मातीचीच ठेवली, दर चार दिवसांनी शेणानं सारवायची. बाज नवारीची केली आणि सुताराकडून पाय चार बोटं उंच करून घेतले. सुतार हसला की बाई, बाज आहे का माळा? तिनं त्याला सुनावलं की बाबा, पोट घेऊन बसून-उठून बघ एकदा, मग हस. खुंट्या हाताला लागतील अशा खाली ठोकल्या. न्हाणीत बसायला रुंद दगड आणि पाठीला टेकायला कट्टा केला. एक शेगडी बाजेखाली ठेवायला, एक पाणी तापवायला. आढ्याला झोळीसाठी लोखंडी कडी. अंथरायला दोन वाकळी, पेमाच्याच जुन्या लुगड्यांच्या, पद्माबाईनं स्वतः शिवलेल्या. शिवताना टाके डोळ्यांपुढून पळायचे, पण शिवल्या.

आणि दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर मधोमध दोन तसबिरी, एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची. भिवाजी छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला गेले होते, तिथून त्यांनी त्या गर्दीत डोक्यावर धरून आणलेल्या. घरातली सगळ्यात चांगली भिंत त्यांची, यात विचारायचं ते काय?

खोलीची खबर दवाखान्यातली आया नीलाबाई द्यायची. बाई जिभेची तिखट, मनाची साफ. तिनं पहिलं कुटुंब पाठवलं. सासूनं बाज दाबून बघितली, न्हाणी बघितली आणि तिचा चेहराच खुलला. मग तिची नजर वर भिंतीवर गेली. म्हणाली, घरी बोलून सांगतो. ती काही परत आली नाही. दुसरं कुटुंब आलं तेही असंच. तिसऱ्या खेपेला आलेल्या म्हातारीनं तर पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला आणि म्हणाली की तहान नाही. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तीन कोस चालून आलेली म्हातारी, आणि तिला तहान नाही.

वर्ष असंच गेलं. खोली सारवायची, चुन्याचे पोपडे झाडायचे, वाकळी उन्हात घालायच्या आणि परत घडी करून ठेवायच्या. शेवटी नीलाबाईच एक दिवस म्हणाली, "बाई, खोली लाखात एक हाय. भिंत तेवढी बोलून राहिली."

पद्माबाईनं ते ऐकून घेतलं. आपली भिंत आपल्या घरात बोलते तर कोणाच्या बापाचं काय जातं, असं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं की तुला भिंत पाहिजे की बाळंतीण? फाल्गुनात भिवाजी मेव्हण्याकडं आखाडा बाळापूरला गेले होते, तेव्हा तिनं स्टुलावर चढून दोन्ही तसबिरी उतरवल्या, हात जोडले, पांढऱ्या धुवट लुगड्यात गुंडाळल्या आणि मागच्या खोलीत कणगीवर ठेवल्या. त्या जागी तेलाच्या दुकानातून मिळालेलं लक्ष्मीचं कॅलेंडर टांगलं. टांगताना तिला चोरी करत असल्यासारखं वाटलं. चोरी स्वतःच्याच घरात, पण चोरीच.

भिवाजी परत आले. दारातच उभे राहून त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग तिच्याकडं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो, चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पेमाच्या माय," ते म्हणाले, "आपल्या लेकीला खोली न्हाई भेटली ती आपण कोण हाओत म्हणून. आता तिच्याच नावच्या खोलीतून आपणच आपल्याला काढावं व्हय?"

तिनं त्यांना विनवलं की एक, फक्त एक बाळंतपण होऊ द्या, मग माझ्या हातानं परत लावते. त्या दिवसापासून पुढच्या दारानं यायचं त्यांनी बंद केलं, मागच्या बोळातून यायचे. संध्याकाळी मोठ्यानं म्हणायची वंदना ओठातल्या ओठात म्हणायला लागले.

चैत्र लागला आणि सेनगावकडच्या साखरा गावचं कुटुंब आलं. तातेराव म्हणून पंचविशीतला कोरडवाहू शेतकरी, त्याची आई मंजुळाबाई आणि बायको कौसा. पहिल्या खेपेला कौसाचं लेकरू घरीच, सुईणीच्या हाती, मेलेलंच झालं होतं. म्हणून या खेपेला तातेरावानं आईशी भांडून तिला दवाखान्याला आणलं होतं. मंजुळाबाईला हे सगळं थेर वाटत होतं. गावात सुईण असताना हिंगोलीला खोली करून राहायचं म्हणजे पैशाला पाय फुटल्यासारखं, असं ती गल्लीभर ऐकू जाईल एवढ्यानं सांगत होती. पण खोली बघितली आणि तिचा आवाज उतरला. बाजेची उंची बघून म्हणाली की ही कोण्या बाईच्या अकलेची आहे.

आडनाव विचारलं. इंगोले म्हटल्यावर मंजुळाबाईचा चेहरा फुलला, आमच्या सोयऱ्यात इंगोले आहेत म्हणाली. इंगोले त्यांच्या जातीतही असतात आणि बौद्धांतही. पद्माबाईच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. खोटं ती बोलली नाही, खरं तेवढं बोलली नाही. तातेराव दोघींना ठेवून शेताकडं परत गेला, आठवड्यानं येतो म्हणाला.

ते दहा दिवस पद्माबाईच्या आयुष्यात फार गोड गेले, आणि त्याच गोडीची पुढं तिला शरम वाटत राहिली. कौसा वीसेक वर्षांची, सावळी, हसली की खालचा ओठ दाताखाली धरायची. पद्माबाईला 'मावशी' म्हणायची आणि दुपारी तिच्या मांडीवर पाय टाकून पडायची, आणि पद्माबाई त्या सुजल्या पायांना करडीचं तेल चोळायची. मंजुळाबाई दिवसभर कुरकुरायची, पण पद्माबाईची अंबाडीची भाजी ताटात पडली की दुसरी भाकरी मागून घ्यायची. रोज सकाळी कौसाला धरून पद्माबाई दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालवत न्यायची आणि परत आणायची, पायाला रस्त्याची सवय व्हावी म्हणून. तिला वाटायचं, आणखी चारच दिवस. आणखी तीनच.

तिनं हिशोब घातला होता तो असा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं दहा एप्रिलच्या आसपासचा अंदाज दिला होता. म्हणजे चौदाच्या आत सगळं पार पडेल. चौदाला बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक दरवर्षी या गल्लीवरून जायची, आणि भिवाजी छप्पनला नागपूरला जाऊन आलेले म्हणून गेल्या वर्षी ती त्यांच्या दारी थांबली होती, पोरांनी त्यांना हार घातला होता. इतकी वर्षं जयंती कधी येते आणि कधी जाते याचा तिनं असा धास्तीनं विचार केला नव्हता. ज्या दिवसाची वाट बघत पेमाला नवे कपडे शिवायचे, त्या दिवसाला ती आता भिऊन होती. दहा तारीख गेली, अकरा, बारा गेली, कौसाचं पोट काही हलेना. लेकराला काय माहीत जयंती कधी आहे.

शेवटी तिनं भिवाजींपुढं पदर पसरला. त्यांनी जाऊन मंडळाच्या पोरांना सांगितलं की यंदा गुडघे धरलेत, माझ्या दारी थांबू नका, तसेच पुढं जा. घरी येऊन म्हणाले की सांगून आलो.

चौदा तारखेला दुपारी न्हाणीशी कौसानं पद्माबाईचा हात धरला. हात गार पडला होता. "मावशी, कमरंतून येऊन राहिलं. थांबू थांबू येतं," ती म्हणाली.

पद्माबाई आताच चल म्हणाली. पण कौसानं तिला शपथ घातली. मागच्या खेपेला दोन दिवस आधीच तिनं आरडाओरडा केला होता, त्या कळा खोट्या निघाल्या आणि सासूनं गावभर तिचं हसं केलं होतं. पक्कं झाल्याशिवाय आत्याबाईला सांगू नका, दिवस मावळेपर्यंत थांबा, एवढं तिनं मागितलं. आणि पद्माबाई थांबली. दवाखाना हाकेवर आहे, मी डोळ्यात तेल घालून बसते, असं स्वतःला समजावून थांबली. खरं दाबून ठेवायची एकदा सवय लागली की दुसऱ्यांदा जड जात नाही.

चारच्या गाडीनं तातेराव आला. उन्हं कलली तशी लांबून हलगी ऐकू आली. मंजुळाबाई दारात येऊन विचारायला लागली की वरात कोणाची. पद्माबाई म्हणाली की असेल कोणाची. मिरवणूक गल्लीत शिरली, निळे झेंडे दिसायला लागले, आणि ती मनात एकच म्हणत होती की जा पुढं, बाबांनो, पुढं जा.

पण पोरं थांबली. भिवाजीदादांना बरं नाही, दादा आज येऊ शकत नाहीत, ही गोष्ट त्या पोरांच्या जिवाला लागली होती. पुढं जळबा होता, मंडळाचा म्होरक्या, हातात झेंडूचा मोठा हार. तो दारात येऊन म्हणाला, "दादा, जयभीम. तुमाला चालवत न्हाई म्हणून मिरवणूकच तुमच्यापाशी आणली."

भिवाजी मागच्या खोलीतून पुढं आले. पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पुढच्या दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला. त्यांनी पद्माबाईकडं एकदा बघितलं. तिला वाटलं, हे आता आपल्याकडं बघून मागं फिरतील की काय, आणि त्याच क्षणी तिला वाटलं की मागं फिरले तर मी यांना जन्मात तोंड दाखवू शकणार नाही. त्यांनी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "जयभीम."

मंजुळाबाई तिथंच उभी होती. ती ओरडली नाही. आत वळली आणि सुनेच्या पातळांची बोचकी बांधायला लागली.

"दहा दिवस," ती म्हणाली. "दहा दिवस तुह्या हातचं खाल्लं मी."

हलगी थांबली. जळबा पुढं सरसावला, त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. भिवाजींनीच त्याला थोपवलं. घरात दिवस भरलेली बाई आहे, एवढंच सांगून त्यांनी पोरांना पुढं लावलं.

पद्माबाई मंजुळाबाईच्या पुढ्यात जाऊन बसली. म्हणाली, मला बोल, मला मार, या गल्लीत माझी धिंड काढ, पण लेकीला हलवू नको. "तिला दुपारपासून कळा येऊन राहिल्यात, बाई. दवाखान्यात ने. माह्या घरात नको ठेवू, पर दवाखान्यात ने."

मंजुळाबाईनं गाठ मारली आणि मान वर केली. "इतके दिवस एक सांगितलं, आता हे सांगून राहिली. तुहं कोणतं खरं धरू मी?"

मग ती सुनेकडं वळली आणि विचारलं, दुखतंय का. कौसा बाजेचा पाय धरून उभी होती. समोर सासू, दारात नवरा, आणि बाहेर गल्लीतली माणसं गोळा झालेली. तिचा ओठ दाताखाली गच्च होता. तिनं मान हलवली.

"न्हाई," ती म्हणाली.

पद्माबाई म्हणाली, "कौसा, लेकी, सांग ना गं." कौसानं खाली बघितलं, वर बघितलंच नाही.

तातेराव घोटाळला. दवाखान्यात एकदा दाखवू तरी, असं काहीसं पुटपुटला. पण मंजुळाबाईच्या अंगात आता वारं शिरलं होतं. हिंगोलीही नको आणि दवाखानाही नको, कोण कोणाच्या हातचं पाजील काय सांगावं. आपली सुईण आहे, तिच्या हातावर आपलं गाव वाढलंय, सेनगावच्या गाडीला बसायचं आणि पुढं बैलगाडी करायची. तातेरावानं बोचकी उचलली. ज्या आईशी भांडून तो बायकोला इथवर घेऊन आला, तिच्याशी दुसऱ्यांदा भांडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

पद्माबाई एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या मागं अनवाणी गेली. चालताना दोन वेळा कौसा थांबली, झाडाला हात लावून उभी राहिली आणि परत चालली. दोन्ही वेळा पद्माबाईनं तातेरावाला हाक मारली, बघ, बघ तिच्याकडं. त्यानं एकदा मागं बघितलं आणि हातानं तिला जा म्हणून खुणावलं. गाडी सुटली. खिडकीत कौसाचं कपाळ गजाला टेकलेलं होतं, तेवढंच दिसलं.

घरी आली तेव्हा भिवाजींनी कॅलेंडर काढून तसबिरी जागच्या जागी लावल्या होत्या. तिनं तिकडं बघितलं नाही. ती सारवलेल्या जमिनीवर पडून राहिली. मग रोज उठून नीलाबाईला विचारायची, साखऱ्याकडचं कोणी दवाखान्यात आलं होतं का. नीलाबाई म्हणायची, न्हाई बाई. पद्माबाई स्वतःची समजूत घालायची की कळा खोट्याच असतील, मागच्या खेपेसारख्या. कधी नव्हे ती आपलं बोलणं खोटं ठरावं म्हणून झुरत होती.

अठराव्या दिवशी तातेराव आला. गल्लीच्या तोंडाशी दिसला तेव्हा टोपीखालून त्याचं डोकं भादरलेलं दिसलं, आणि पद्माबाईला काही विचारायचं राहिलं नाही. तो अंगणात उभा राहिला, आत आला नाही. भिवाजींनी बसायला पाट टाकला, तर त्याच्याकडं नुसताच बघत राहिला.

त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. सेनगावला उतरल्यावर बैलगाडी मिळायला वेळ लागला. अर्ध्या वाटेवर कौसा ओरडली, ती गाडीत बसल्यापासून पहिल्यांदाच ओरडली. मंजुळाबाईनं स्वतःच्या लुगड्याचा आडोसा केला. पोरगी झाली, रडली, जिवंत आहे, चुलतीच्या अंगावर पिते. कौसाचं रक्त थांबलं नाही. गाव यायच्या आधी ती गेली.

पद्माबाईनं तोंडात पदर कोंबला. तिला आक्रोश करायचा होता, पण हा पोरगा अजून गेला नव्हता, त्याला आणखी काही पाहिजे होतं. टोपी काढून त्यानं दोन्ही हातात धरली.

"तुमी त्या दिवशी म्हणल्या व्हत्या, दुपारपासून कळा हायेत म्हणून," तो म्हणाला. "ते खरं व्हतं का, आमाला थांबवाया म्हणून म्हणल्या व्हत्या? आई म्हनती, तू इचारून ये. ती जेवतच न्हाई."

आता तिला कळलं तो कशाला आला होता ते. त्या म्हातारीला साखऱ्यात बसून एकच ऐकायचं होतं, की ती बाई तेव्हाही खोटंच बोलली होती. 'खोटं होतं' एवढं म्हटलं की मंजुळाबाई जेवली असती. हा पोरगाही रात्री झोपला असता. पद्माबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. पेमा असती तर याच वयाची. तिला त्याची दया आली, फार आली, आणि 'खोटं होतं' हे शब्द तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आले. पण भिंत रिकामी केली तेव्हापासून तिनं जे जे दाबलं होतं, ते सगळं त्या शब्दांच्या आड उभं राहिलं.

"खरं व्हतं," ती म्हणाली. "तिनं मला न्हाणीपाशी सांगितलं. आत्याबाईला सांगू नका म्हणली, म्हणून मीबी थांबले. तवाच हात धरून दवाखान्यात न्यायला पाह्यजे व्हतं म्या. ते माह्याकडं. आन आम्ही कोण हाओत हे तुमाला पहिल्याच दिवशी सांगायला पाह्यजे व्हतं, तेबी माह्याकडं. बाकीचं तुमचं तुमी बघा."

तातेराव रडला नाही. टोपी हातात फिरवत तसाच उभा राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "आईचं जाऊ द्या. पर पोरगी मोठी होईल. माय कशी गेली म्हणून इचारील. तिला काय सांगू मी?"

भिवाजी मागं दारात येऊन उभे होते. पण विचारलं होतं तिला.

"सांग तिला, तिची माय सासूला भ्याली," ती म्हणाली. "मी तुमाला भ्याले. तुही आई आमच्या हातच्या भाकरीला भ्याली, आन तू आईला. दवाखाना कोणाच्याच ध्यानात राह्यला न्हाई. असंच सांग, काही गाळू नको."

त्यानं मान डोलावली. टोपी घातली आणि आल्या वाटेनं निघाला. तो दवाखान्याच्या भिंतीआड जाईपर्यंत पद्माबाई अंगणात उभी राहिली, आणि मग मात्र तिला उभं राहवलं नाही. ती तिथंच मातीत बसली आणि कौसाचं नाव घेऊन मोठ्यानं रडली. गल्लीतली माणसं बाहेर आली, नीलाबाई धावत आली, विचारायला लागली की बाई, तुझी कोण होती ती.